साडेचारला पडणारं बटण

सुरुवातीलाच कबूल करतो. ते बटण मी आणलं. त्यानंतर आमच्या कॉलनीत जे जे झालं त्यातला विजेचा खांब सोडला तर बाकी सगळ्याची जबाबदारी माझ्यावर येते, आणि खांबाचीसुद्धा अर्धी येते.

मूळ कारण कूलर. जळगावात मे महिन्यात कूलर ही वस्तू राहत नाही. तो घरातला कर्ता पुरुष होतो. सगळे त्याच्यासमोर बसतात, तो बोलला की बाकीच्यांचं ऐकू येत नाही, आणि तो बंद पडला की घरात सुतक. आमचा कूलर पत्र्याचा होता. त्र्याण्णव सालच्या मेमध्ये आई अनवाणी पायाने त्याच्यात पाणी ओतत होती, आणि तिचा हात पत्र्याला चिकटला. दोन क्षणच चिकटला. मग ती मागे फेकली गेली आणि भिंतीशी जाऊन बसली. बादली तिच्या मांडीवर. आम्ही धावलो तर म्हणाली, "काही नाही, मुंग्या आल्या," आणि पोळ्या लाटायला गेली. पण पुढे आठ दिवस तिच्या पोळ्या चौकोनी येत होत्या आणि आम्ही त्या तशाच खाल्ल्या.

त्यानंतर ती कूलरमध्ये पाणी ओतायची ती माझे पावसाळी गमबूट घालून, प्लास्टिकच्या स्टुलावर उभी राहून. चव्वेचाळीस डिग्रीत गमबूट. मला ते बघवत नव्हतं. जूनमध्ये मी सहकारी बँकेत क्लार्क म्हणून लागलो, आणि पहिल्या पगारात आईला साडी न घेता ते बटण घेतलं.

दुकानदार कांतीलालशेठ यांनी ते मला काउंटरवर समजावून दिलं. घरात जेवढा करंट आला तेवढा परत गेला पाहिजे. थोडा जरी कुणाच्या अंगातून, कुठल्या ओलीतून जमिनीत पळाला की हे बटण खटकन खाली पडतं आणि सगळ्या घराची वीज तोडतं. माणूस वाचतो. पांढरी डबी, काळा दांडा, आणि कोपऱ्यात इंग्रजी टी लिहिलेलं एक छोटं पांढरं बटण. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की महिन्यातून एकदा टी दाबून पाहावा. दांडा पडला तर यंत्र ठीक आहे असं समजावं. हा कागद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला.

नाना, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळा कागद ऐकून घेतला.

"म्हणजे चालू वीज बंद करायला तू पहिला पगार घातला?"

मी म्हणालो, "नाना, सुरक्षितता—"

"मग मेन स्विच कशाला आहे? आबा ते फुकट करतात."

हे खरं होतं. आबा म्हणजे माझे आजोबा, नानांचे वडील. आमच्या कॉलनीत एक दिवसाआड दुपारी चारला नळ येतो. नळ आला की लोक त्याला मोटर लावून पाणी ओढतात, आणि शेवटच्या घरांना नुसती हवा मिळते. आबांच्या मते ही चोरी होती. आपल्या घरात ती चुकूनही होऊ नये म्हणून नळाच्या दिवशी साडेचारला ते काठी टेकत यायचे आणि मेन स्विच खाली ओढायचे. पाणी गेलं की वर. आमच्याकडे मोटर नव्हतीच. तरी ओढायचे. नव्वदीच्या माणसाला, तुमच्यामुळे कूलर बंद पडतो, असं सांगणार कोण?

कार्तिकात आबा गेले. नाना रडले नाहीत. लाकडं, दाखले, पाहुण्यांची अंथरुणं, सगळं त्यांनी हेडक्लार्कासारखं पार पाडलं. तेराव्याला कोणीतरी म्हणालं, "नाना मन मोकळं करा," तर म्हणाले, "आधी पत्रावळी मोजा."

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची पहिली घागर आखाजीला भरायची असते. आईने बारा दिवस आधीच बाजारातून नवी मातीची घागर आणली. नवी घागर एकदम सणाला भरली तर ऐन पूजेत गळायची, म्हणून ती आधी पाण्याने मुरवावी लागते. तिने ती देवाच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली. नळाच्या दिवशी शिळं पाणी तुळशीला घालायची आणि पहिली कळशी ओतून घागर काठोकाठ भरायची. आखाजीला बहीण लता आणि तिचे यजमान अभिमनराव साक्रीहून येणार होते. अभिमनराव शाळामास्तर. लग्नानंतर पहिल्यांदाच मुक्कामाला.

त्या पहिल्याच रविवारी, साडेचार वाजता, खट् झालं आणि कूलर गप्प झाला.

मी दांडा वर केला. पडला. पुन्हा केला. पुन्हा पडला. तासाभराने वर केला तर मुकाट राहिला. सोमवारी काही नाही. मंगळवारी साडेचारला खट्. गुरुवारी खट्. आता हे वाचणाऱ्याला सगळं सोपं दिसत असणार. पण वाचणारा घामाने भिजलेला नाही, आणि त्याचे वडील समोर पेपरने वारा घेत बसलेले नाहीत.

मी डबी काढून कांतीलालशेठकडे नेली.

"भाऊ, पडतं ना?" त्यांनी विचारलं.

"पडतं."

"मग चांगलंच आहे. न पडलं तर घेऊन या. बदलून देतो."

"पण शेठ, कारण नसताना पडतं."

"कारण त्याला माहीत आहे, तुम्हाला नाही. ह्याच्यात माझा माल खराब कुठे झाला?" आणि त्यांनी मला उसाचा रस पाजला. एवढा प्रेमळ अपमान माझा त्याआधी झाला नव्हता.

मग सुकदेवभाऊ आले. हे शेजारी. दीपनगरच्या वीज केंद्रात वीस वर्षं त्यांनी कामगारांची हजेरी लिहिली, त्यामुळे कॉलनीत वीज या विषयावर शेवटचा शब्द त्यांचा असतो. ते बटणासमोर हात मागे बांधून पाच मिनिटं उभे राहिले, आजाऱ्यासमोर उभे राहावं तसे.

"अर्थिंग कुठे गाडलंय?"

मी अंगणातला खड्डा दाखवला.

"कोरडं पडलंय. त्याला पाणी पाहिजे. मीठ पाहिजे. तीन बादल्या रोज. आम्ही तिकडे असंच करायचो."

"तुम्ही करायचे?"

"करणाऱ्यांची हजेरी मी लिहायचो."

तेव्हापासून मी रोज बँकेतून आल्यावर जमिनीला तीन बादल्या मिठाचं पाणी पाजू लागलो. ज्या कॉलनीत लोक भाजी धुतलेलं पाणी जपून ठेवतात, तिथे. समोरच्या बेबाबाई फाटकात उभ्या राहून बघायच्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आईला विचारलं, "अक्का, पोराला कोणी काही सांगितलंय का? गुरुवारबिरुवार धरलाय का त्याने?" आई म्हणाली, "नाही, विजेचं आहे." त्यावर बेबाबाईंनी इतक्या समजूतदारपणे मान हलवली की मला त्यापेक्षा शिवी चालली असती. त्या शनिवारी साडेचारला बटण पडलंच. शेवग्याचं झाड मात्र खारं पाणी पिऊन वाळलं.

रविवारी वायरमन लोटन आला. लोटन साक्रीकडचा, अहिराणी बोलणारा, आणि गावातला सगळ्यात प्रामाणिक वायरमन. प्रामाणिक म्हणजे सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणणारा. त्याने पंखे उतरवले, कूलर खोलला, एकेक बोर्ड काढून बघितलं. संध्याकाळपर्यंत आमच्या घराच्या सगळ्या भिंतींतून तारा बाहेर आल्या होत्या.

"भाऊ, बठ्ठा तार दखी लिधात. काहीच नही शे." सगळ्या तारा बघून झाल्या, दोष कुठेच नाही.

"मग पडतं कसं?"

"रोज पडस?"

"नाही. एक दिवसाआड."

लोटनने पक्कड खाली ठेवली. "एक दिवसाआड? भाऊ, ती वीज शे का नळ शे?"

आम्ही दोघंही हसलो. आयुष्यात मी इतक्या चुकीच्या जागी कधी हसलो नसेन. उत्तर माझ्या तोंडावर फेकून तो माणूस सायकलवर बसून गेला, आणि मी त्याला पाणी पाजून निरोप दिला.

राहता राहिली वीज कचेरी. तिथल्या क्लार्कने रजिस्टर उघडलं. फ्यूज गेला, तार तुटली, खांब पडला, इतर, असे चार रकाने होते.

"सुरक्षा बटण वारंवार पडतं," मी सांगितलं.

"याला रकाना नाही."

"इतरमध्ये लिहा."

"इतर भरलंय." त्याने पान माझ्याकडे वळवलं. खरंच भरलं होतं; समासातसुद्धा जागा नव्हती. "नवीन रजिस्टर जुलैत येईल. तोवर जवळचा रकाना सांगा. तुमच्याकडे काय होतं म्हणालात?"

"पडतं."

त्याने 'खांब पडला'मध्ये माझं नाव लिहिलं. मीही क्लार्क आहे. रजिस्टरपुढे माणसाची कशी अडचण होते ते मला कळतं. मी सही केली.

दोन दिवसांनी ट्रक आला, सहा माणसं उतरली आणि आमच्या दारापुढे एक नवा खांब उभा करून गेली. मी त्यांना म्हणालो, खांब पडलेला नाहीये. मुकादमाने आधी जुन्या खांबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सही तुमचीच ना?" तो खांब आजही तिथे आहे. त्याला तार नाही.

त्या संध्याकाळी नानांनी निर्णय दिला. ते पेपरची घडी घालून म्हणाले, "अभिमनराव येताहेत. जावई पाटावर बसलेला असताना हे तुझं पडलं आणि त्यांच्या ताटात घाम गळला, तर मी ते उपटून फेकीन. लोटनकडून तारा डायरेक्ट जोडून घेईन. ऐकलं?"

मी ऐकलं. आईनेही ऐकलं. ती ओट्याशी उभी होती आणि गमबूट अजून मोरीत उलटे ठेवलेले होते. बटण गेलं की ते पुन्हा निघणार, आणि एखाद्या दिवशी घाईत ती ते घालायला विसरणार. मला खांबाचं, शेवग्याचं, बेबाबाईंचं काही वाटत नव्हतं. मला फक्त तिचा पत्र्याला चिकटलेला हात दिसत होता.

आई पीठ मळता मळता म्हणाली, "साडेचारलाच पडतं. नळाच्याच दिवशी. आबा करत असतील."

ती हे कोथिंबीर संपली म्हणावं इतक्या सहज म्हणाली. मी हसणार होतो. पण नानांच्या हातातला पेपर थांबला. ते उठून मोरीत गेले, बराच वेळ आतून कडी लावून काहीतरी हलवत राहिले आणि जेवायला आले नाहीत.

आखाजी शुक्रवारी आली. तो नळाचाच दिवस होता. सकाळीच कॉलनीतल्या माहेरवाशिणींना झोका बांधायला जागा हवी होती, आणि लिंबाच्या झाडापासून बरोबर सहा हातांवर एक नवा, मजबूत, बिनकामाचा खांब होता. त्यांनी दोन्हींच्या मध्ये लाकूड टाकून झोका बांधला आणि गाणी सुरू केली. बेबाबाई आईला म्हणाल्या, "पोरगा अगदीच वाया नाही गेला."

साक्रीची गाडी धुळ्याला बिघडली, म्हणून लता आणि अभिमनराव पोहोचले तेच साडेतीनला. पूजा चारला. नळ आला, आईने ताज्या पाण्याने आबांची घागर काठोकाठ भरली, तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आंबे आणि सांजोऱ्या ठेवल्या. नानांनी चुलीत आबांच्या नावाने घास टाकला. मग पानं मांडली. अभिमनराव पाटावर बसले. पुरणपोळीवर तूप पडलं. कूलर त्यांच्या पाठीवर वारा सोडत होता. घड्याळात चार अठ्ठावीस झाले होते. मी वाढत होतो.

खट्.

कूलरचं पातं सावकाश थांबलं. बाहेर झोक्यावरचं गाणं एकदम मोठं ऐकू यायला लागलं. अभिमनरावांनी घास तोंडाशी थांबवला. नाना पानावरून उठले आणि हात न धुताच बटणाकडे गेले.

मी मागे निघालो, पण देवाच्या खोलीच्या दारातच अडलो. समोर कोनाडा. कोनाड्यात घागर. नव्या मातीतून पाणी झिरपून घागरीच्या पोटावर थेंब उभे होते, ते खाली कोनाड्याच्या फरशीवर जमत होते, आणि तिथून मागच्या भिंतीत शिरत होते. मी वळून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेलो. तिथे कूलरचा बोर्ड. बोर्डाच्या वर प्लास्टरवर तळहाताएवढी ओल. तिच्यातून सुटणारा एवढासा करंट आमच्या बटणाला पुरत होता, आणि खानदेशचा मे ती भिंत तासाभरात पुन्हा खडखडीत वाळवत होता.

लोटनचा नळ! आईची घागर! मला सापडलं होतं! मी धावत ओसरीत गेलो, तोंड उघडलं, आणि तसाच उभा राहिलो.

नाना बटणासमोर हात जोडून उभे होते. बोटांना पुरण लागलेलं.

"आबा," ते हलक्या आवाजात म्हणत होते, "आज लावली नाही हो. तुमची शपथ. आज बादलीनेच भरलं."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. कार्तिकापासून जे थांबलं होतं ते सगळं त्या पांढऱ्या डबीसमोर बाहेर आलं. जावयादेखत. पत्रावळी मोजायच्या राहिल्या नव्हत्या, दाखले राहिले नव्हते. दुसरं कामच उरलं नव्हतं.

रडून झाल्यावर ते मोरीत गेले आणि पोत्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. नळाची मोटर. जानेवारीत आणली होती. नळाच्या दिवशी साडेचारला आतून कडी लावून चालवायचे. आम्हाला वाटायचं पोट बिघडलंय. लोटन आला तेव्हा पोत्यात लपवली होती, आणि आईने आबांचं नाव काढलं त्या संध्याकाळी ती पुन्हा पोत्यात गेली.

"आबांना कळलं," नाना सगळ्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हे बटण इथून कोणी काढायचं नाही."

मी तोंड मिटलं. आई माझ्याकडे बघत होती. तिने नुसतं विचारलं, "अभिमनरावांना भात वाढलास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर कांतीलालशेठकडे परत गेली. मी शेठना विचारलं, "नानांना मोटर तुम्हीच विकलीत? मला सांगितलं नाहीत?" शेठ म्हणाले, "भाऊ, तुम्ही बटण घेतलं ते मी त्यांना सांगितलं होतं का?" घागर रीतीप्रमाणे दान दिली गेली. लोटनला मी खरं सांगितलं; त्याने बोर्ड गुपचूप पलीकडच्या कोरड्या भिंतीवर सरकवला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "मी बोलनू व्हतू ना भाऊ, नळ शे!" आता घर निर्धोक झालं. आई अनवाणी पायाने कूलरमध्ये पाणी ओतायला लागली. मी जगातला सगळ्यात समाधानी मुलगा असायला हवा होतो.

पुढच्या नळाच्या दिवशी नाना साडेचारला टोपी घालून बटणासमोर येऊन उभे राहिले. साडेचार झाले. पावणेपाच झाले. कूलर चालूच. पाणी गेलं. नाना टोपी काढून खाटेवर बसले.

"आबा रागावले वाटतं," ते म्हणाले.

जेवले नाहीत. मी बँकेच्या सगळ्या व्यवहारात प्रामाणिक माणूस आहे, हे इथे नमूद करतो. त्यानंतरच्या नळाच्या दिवशी मी लवकर घरी आलो, नाना टोपी शोधत होते तेवढ्यात ओसरीत गेलो आणि टी दाबला.

खट्.

"आले," नाना आतून म्हणाले. त्यांनी बटणापाशी येऊन हात जोडले, पाणी जाईपर्यंत उकाड्यात आनंदाने घाम पुसला, आणि मग दांडा वर केला. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

यंत्रासोबतच्या कागदात महिन्यातून एकदा तपासणी करावी असं लिहिलं आहे. आमचं यंत्र महिन्यातून पंधरा वेळा तपासलं जातं. अख्ख्या जिल्ह्यात इतकं सुरक्षित घर दुसरं नसेल. नळाच्या दिवशी मी साडेतीनला बँकेतून निघतो. मॅनेजरसाहेबांना मी सांगितलं आहे की घरी वडीलधाऱ्यांचं बघावं लागतं. तेही समजूतदारपणे मान हलवतात.

पण जुलैत बँकेने मला चार दिवस प्रशिक्षणाला धुळ्याला पाठवलं. चारात दोन दिवस नळाचे. मी वर्गात बसून घड्याळ बघत होतो. साडेचारला तिकडे नाना टोपी घालून उभे असतील, आणि बटण पडणार नाही. शिकवणाऱ्यांनी मला विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?" मी म्हणालो, "वडिलांचे वडील." ते म्हणाले, "अरेरे, कधी?" मी म्हणालो, "साडेचारला."

शनिवारी घरी आलो. नाना खाटेवर पेपर वाचत होते. चेहरा बरा दिसत होता. मी चपला काढता काढता विचारलं, "नाना, नळ कसा काय?"

"बादलीने भरलं."

"आणि बटण?"

"पडलं ना. मंगळवारी वेळेवर. गुरुवारी चार मिनिटं उशीर झाला." त्यांनी पेपर उलटला. "त्यांचंही वय झालंय."

मी ओसरीत गेलो. डबी भिंतीवर पांढरीशुभ्र होती. फक्त कोपऱ्यातल्या टीवर हळदीचं एक बोट उमटलेलं होतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. आई पोळ्या लाटत होती. गोल. तिने वर पाहिलं नाही.

"पुन्हा धुळ्याला जायचं असलं तर दोन दिवस आधी सांगत जा," ती म्हणाली. "ऐन साडेचारला माझे हात मोकळे नसतात."